कॉफीच्या डेव्हलपरमध्ये इन्फ्रारेड फिल्म धुणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, प्रकाशाला संवेदनशील असलेला कृष्णधवल रोल घरच्या घरी कॉफीत धुऊ पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. टँकमधल्या, म्हणजे फिल्म धुण्याच्या प्रकाशबंद डब्यातल्या, रिळावर अंधारात फिल्म चढवता येते, एवढे गृहीत धरले आहे. ज्यांना ते येत नाही त्यांनी आधी एखादा वाया गेलेला रोल घेऊन, डोळे मिटून, दहा वेळा सराव करावा.

कॉफीने खरोखरच फिल्म धुतली जाते का?

धुतली जाते, आणि व्यवस्थित धुतली जाते. अमेरिकेतील रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९९५ मध्ये डॉ. स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी इन्स्टंट कॉफी व धुण्याचा सोडा यांपासून चालणारा डेव्हलपर, म्हणजे फिल्मवरची अदृश्य प्रतिमा दृश्य करणारे द्रावण, तयार केला. त्याला पुढे कॅफेनॉल हे नाव रुळले. त्यात क जीवनसत्त्व घातल्यास काम झपाट्याने आणि अधिक स्वच्छ होते, हे नंतर लक्षात आले. आज प्रचलित असलेल्या बहुतेक कृती या सुधारित प्रकारातल्या आहेत.

प्रतिमा उमटते ती कॅफिनमुळे का?

नाही. कॅफिनचा येथे काहीही उपयोग नाही. कॅफिन काढून टाकलेली कॉफीदेखील तितकेच काम करते. खरे काम कॅफिक आम्ल करते. नावातील साम्यामुळे गोंधळ होतो, पण ती दोन वेगळी द्रव्ये आहेत. कॉफीच्या दाण्यात क्लोरोजेनिक आम्ले भरपूर असतात आणि सोड्याच्या अल्कधर्मी द्रावणात ती फुटून कॅफिक आम्ल मोकळे होते. त्याची रासायनिक घडण कॅटेकोल या जुन्या, नावाजलेल्या डेव्हलपरशी मिळतीजुळती आहे. प्रकाश लागलेल्या सिल्व्हर हॅलाइडच्या कणांचे काळ्या चांदीत रूपांतर करण्याची क्षमता त्यातून येते. एकटे कॅफिक आम्ल हळू चालते आणि एकटे क जीवनसत्त्वही हळू चालते, मात्र दोन्ही एकत्र आले की त्यांचा वेग स्वतंत्र वेगांच्या बेरजेपेक्षा जास्त होतो.

कॉफीत धुतल्याने इन्फ्रारेड परिणाम वाढतो का?

वाढत नाही. फिल्म कोणत्या तरंगलांबीपर्यंत पाहू शकते हे कारखान्यात इमल्शनमध्ये, म्हणजे फिल्मवरच्या प्रकाशसंवेदी थरात, मिसळलेल्या संवेदक रंगद्रव्यांवर ठरते, आणि लेन्समधून कोणता प्रकाश आत येतो हे फिल्टरवर ठरते. डेव्हलपरच्या हाती फिल्म येते तेव्हा हे दोन्ही निर्णय होऊन गेलेले असतात. त्याच्या हाती उरतात त्या तीन गोष्टी : कॉन्ट्रास्ट, फॉग (प्रकाश न लागलेले कणही थोडे काळे पडणे) आणि ग्रेन (चित्रातला दाणेदारपणा). प्रस्तुत लेखकाच्या अनुभवात, कॉफीच्या माथी मारल्या जाणाऱ्या दहांपैकी सात तक्रारी प्रत्यक्षात एक्सपोजरच्या असतात.

सध्या कोणत्या फिल्म वापरता येतात?

कोडॅकची हाय स्पीड इन्फ्रारेड, जी एचआयई या नावाने ओळखली जाई, २००७ मध्ये बंद झाली. ती सुमारे ९०० नॅनोमीटरपर्यंत पाहत असे. तिला अँटिहॅलेशन थर, म्हणजे फिल्ममधून आरपार गेलेला प्रकाश शोषून घेणारा थर, नसल्यामुळे प्रकाश मागून परतून उजळ भागांभोवती पसरत असे. जुन्या इन्फ्रारेड चित्रांतील ती स्वप्नवत प्रभा या पसरण्याची आहे, अवरक्त प्रकाशाची नव्हे. म्हणून आजच्या फिल्मकडून तिची अपेक्षा ठेवू नये. क्रोएशियातील फोटोकेमिका हा कारखाना २०१२ मध्ये बंद पडला आणि एफ्केची आयआर ८२० ही फिल्मही गेली.

आज प्रामुख्याने रोलाय इन्फ्रारेड ४०० आणि इलफोर्ड एसएफएक्स २०० या दोन उरल्या आहेत. पहिली सुमारे ८२० नॅनोमीटरपर्यंत जाते. दुसरीची मजल साधारण ७४० पर्यंत असल्याने तिला विस्तारित लाल संवेदनेची फिल्म म्हणणे अधिक योग्य ठरेल. रोलाय रेट्रो ८० एसदेखील ७५० च्या आसपास पोहोचते. रोलायच्या या फिल्म विमानातून सर्वेक्षण करण्यासाठी बनवलेल्या फिल्मच्या कुळातील आहेत. उंचावरून दिसणाऱ्या धूसर, कॉन्ट्रास्ट हरवलेल्या भूभागावर मात करता यावी म्हणून त्यांचा स्वभावच मुळात कडक ठेवलेला आहे. हा मुद्दा पुढे कृती निवडताना लागणार आहे.

झाडे पांढरी का दिसतात? ती उष्णता असते का?

उष्णतेचा संबंध नाही. शरीराची किंवा उकळत्या पाण्याची उष्णता टिपणारे कॅमेरे याच्या कितीतरी पट लांब तरंगांवर चालतात. आपली फिल्म टिपते तो सूर्याचाच परावर्तित प्रकाश असतो, फक्त डोळ्यांच्या मर्यादेपलीकडचा. पानातील हरितद्रव्य हा प्रकाश शोषून घेत नाही आणि पानाच्या आतील हवेच्या पोकळ्या असलेल्या पेशीरचनेवरून तो विखरून परत फिरतो. निळ्या आकाशातून अवरक्त प्रकाश फारच थोडा विखुरला जात असल्याने आकाश काळवंडते. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये अशी छायाचित्रे प्रसिद्ध केली, म्हणून या परिणामाला वुड परिणाम म्हणतात.

सह्याद्रीत यासाठी उत्तम काळ पावसाची उघडीप ते दिवाळी हा आहे. कोवळे गवत, धुतलेली हवा आणि पांढऱ्या ढगांचे पुंजके एकाच वेळी मिळतात. मे महिन्यात वाळलेल्या गवताचे उतार निराश करतात, पण वड, पिंपळ आणि आंबा तेव्हाही उजळ दिसतात.

फिल्टर कोणता आणि एक्सपोजर किती?

फिल्टर नसेल तर इन्फ्रारेड फिल्म साध्या कृष्णधवल फिल्मसारखीच वागते. ७२० नॅनोमीटरपासून पुढचा प्रकाश सोडणारा फिल्टर, ज्याला आर ७२ म्हणतात, हा वर उल्लेखलेल्या फिल्मसाठी योग्य आहे. त्याहून गडद, ८७ क्रमांकाचा फिल्टर एचआयईसाठी होता. आजच्या फिल्मवर तो लावला तर फिल्म पाहू शकेल असा प्रकाश जवळजवळ उरतच नाही.

आर ७२ लावल्यावर ४०० च्या फिल्मला १२ किंवा ६ आयएसओ धरावे, म्हणजे पाच ते सहा स्टॉप अधिक द्यावेत (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). दुपारच्या स्वच्छ उन्हात एफ ८ ला १/३० सेकंद ही चांगली सुरुवात होते. तिच्या एक स्टॉप अलीकडे आणि एक स्टॉप पलीकडे अशी आणखी दोन चित्रे घ्यावीत. फिल्टर लावून कॅमेऱ्याच्या मीटरवर विसंबू नये, कारण मीटरचे डोळे आणि फिल्मचे डोळे वेगळे असतात. एसएलआर कॅमेऱ्यात फिल्टरमुळे व्ह्यूफाइंडर काळाठिक्कर होतो, त्यामुळे तिपाईवर चौकट आणि फोकस आधी ठरवून मगच फिल्टर चढवावा. लेन्सवर लाल रेघ किंवा आर अक्षर असल्यास फोकसचे अंतर त्या खुणेवर सरकवावे. ७२० नॅनोमीटरच्या आसपास काम करताना एफ ११ ठेवला तर हा फरक बहुधा त्यातच सामावला जातो.

लाल दिवा चालेल का?

मुळीच चालणार नाही. लाल दिव्याची सवय फोटोच्या कागदामुळे लागलेली आहे. कागदाला लाल दिसत नाही, आणि या फिल्मला तर लालच सर्वांत चांगले दिसते. पूर्ण अंधार हवा.

कॅमेऱ्यात भरतानाही काळजी घ्यावी लागते. रोलायच्या या फिल्मचा पाया पारदर्शक पॉलिएस्टरचा असतो आणि बाहेर डोकावणाऱ्या टोकातून प्रकाश नळीतून जावा तसा आत शिरतो. भर उन्हात रोल भरल्यास पहिली काही चित्रे कडेने काळवंडलेली निघतात. सावलीत, शक्य तर चेंजिंग बॅगेत भरावा. काही स्वयंचलित कॅमेऱ्यांत फिल्मची छिद्रे मोजण्यासाठी आतच अवरक्त दिवा बसवलेला असतो. अशा कॅमेऱ्यात ही फिल्म घालू नये.

कृती कोणती वापरावी?

४०० आयएसओच्या इन्फ्रारेड फिल्मसाठी कॅफेनॉल-सी-एच ही कृती घ्यावी. एक लिटर द्रावणासाठी निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, क जीवनसत्त्वाची शुद्ध पूड १६ ग्रॅम, पोटॅशियम ब्रोमाइड १ ग्रॅम आणि इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम लागते. ३५ मिलिमीटरच्या एका रोलला बहुतेक टँकमध्ये ३०० मिलिलिटर पुरते. त्यासाठी अनुक्रमे १६.२, ४.८, ०.३ आणि १२ ग्रॅम घ्यावे. १२० च्या रोलला ५०० मिलिलिटर लागते.

ब्रोमाइड वगळल्यास हीच कृती सी-एम म्हणून ओळखली जाते आणि मंद फिल्मवर ती छान चालते. वेगवान फिल्मवर मात्र ब्रोमाइडविना फॉग चढतो. इन्फ्रारेड ४०० च्या बाबतीत ही काटकसर करू नये. ०.३ ग्रॅम घरच्या काट्यावर मोजणे अवघड असल्याने १० ग्रॅम ब्रोमाइड पाण्यात विरघळवून एकूण १०० मिलिलिटर द्रावण करून ठेवावे आणि औषधाच्या सिरिंजने त्यातले ३ मिलिलिटर घ्यावे. बाकी जिन्नसांसाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा खिशातला डिजिटल काटा पुरेसा आहे. चमच्याचे माप नको. कॉफीची पूड आणि कॉफीचे दाणेदार कण यांच्या एकाच चमच्यात वजनाचा फरक मोठा पडतो.

धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा यांत एवढा काय फरक आहे?

सगळा खेळ येथेच बिघडतो, म्हणून या प्रश्नाला थोडी अधिक जागा देत आहे. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. तो इतका सौम्य आहे की त्यात डेव्हलपर जवळजवळ जागाच होत नाही आणि रोल कोरा निघतो. आपल्याला हवा तो सोडियम कार्बोनेट.

पण किराणा दुकानात धुण्याचा सोडा म्हणून जे खडे मिळतात त्यांत पाणी बांधलेले असते. पूर्ण ओल्या स्फटिकांत निम्म्याहून अधिक वजन पाण्याचे असल्यामुळे ५४ ग्रॅम निर्जल सोड्याऐवजी ते सुमारे १४६ ग्रॅम घ्यावे लागतात. एकजलीय पूड असेल तर ६३ ग्रॅम. त्यातही खडे उघड्यावर राहिले की बाहेरून पांढरे, भुरभुरीत होत जातात, आणि मग वजनात पाणी किती आणि सोडा किती हे कोणालाच सांगता येत नाही. माझा पहिला इन्फ्रारेड रोल याच कारणाने फिकट निघाला होता. पुरंदरच्या पायथ्याचे ते वडाचे झाड निगेटिव्हवर काळेभोर दिसायला हवे होते, ते पातळ चहाच्या रंगाचे निघाले. पंधरा दिवस मी कॉफी बदलत राहिलो. दोष सोड्याच्या बरणीत होता.

उपाय सोपा आहे. खडे स्टीलच्या जुन्या पातेल्यात मंद आचेवर ठेवावेत. ते आधी स्वतःच्याच पाण्यात विरघळून पातळ होतात, मग खदखदतात, त्यानंतर तळाशी पांढरा थर धरू लागतो आणि शेवटी कोरडी पूड उरते. तो थर सुटा करत राहावे, पूर्ण कोरडे होईपर्यंत तापवावे आणि थंड झाल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत भरावे. अॅल्युमिनियमचे भांडे वापरू नये, सोडा ते खातो. खाण्याचा सोडाच हाताशी असेल तर तो ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर पसरून ठेवल्यास कार्बोनेट होतो. ८६ ग्रॅमचे साधारण ५४ ग्रॅम उरतात. वजन तेवढे घटले नाही, तर काम अर्धवट झाले आहे असे समजावे.

कॉफी कोणती घ्यावी? फिल्टर कॉफी चालेल का?

जितकी स्वस्त तितकी बरी, पण ती शंभर टक्के कॉफी असली पाहिजे. रोबस्टा जातीच्या दाण्यांत अरेबिकापेक्षा क्लोरोजेनिक आम्ले जास्त असतात आणि स्वस्त इन्स्टंट कॉफीत रोबस्टाच अधिक असते. चवीने कॉफी पिणाऱ्याला हे ऐकून वाईट वाटेल. फार गडद भाजलेली कॉफी टाळावी, कारण भाजताना ही आम्ले नष्ट होत जातात.

भारतात खरी अडचण चिकोरीची आहे. आपल्याकडच्या अनेक लोकप्रिय पुड्यांत चिकोरीचे मिश्रण असते आणि त्याचे प्रमाण वेष्टनावर छापलेले असते. चिकोरी रंग देते, कडवटपणा देते, पण तिच्यावर डेव्हलपर म्हणून भिस्त ठेवता येत नाही. वेष्टनावर ३० टक्के चिकोरी असेल तर तुमच्या ४० ग्रॅमांतली कॉफी २८ ग्रॅमच आहे. फिल्टरचा काढाही काम करतो, मात्र त्यात उतरलेला अर्क दर वेळी वेगळा असल्याने एका रोलचा अनुभव पुढच्या रोलला उपयोगी पडत नाही. दूध आणि साखर घातलेल्या तयार मिश्रणाच्या पुड्या अर्थातच बाद.

क जीवनसत्त्वाच्या गोळ्या कुटून घातल्या तर?

संत्र्याच्या चवीच्या चघळण्याच्या गोळ्यांत साखर, रंग आणि बांधणारी द्रव्ये भरपूर असतात. द्रावण गढूळ होते आणि वजनाचा हिशेब राहत नाही. अॅस्कॉर्बिक आम्लाची पूड रसायनांच्या दुकानात सुटी मिळते. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या परिसरात विचारावे. लिंबाचा रस किंवा आवळा सुचवणारेही भेटतात; त्यांना नम्रपणे नकार द्यावा, कारण लिंबातले सायट्रिक आम्ल सोडाच मारून टाकते.

द्रावण कालवण्याचा क्रम आणि धुण्याची रीत सांगाल का?

बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात सोडा घातला की पांढरा साका बसतो आणि तो निगेटिव्हवर चिकटतो, म्हणून आरओचे किंवा डिस्टिल्ड पाणी घ्यावे. आधी सोडा पूर्ण विरघळवावा. पाणी पुन्हा नितळ झाल्याखेरीज पुढे जाऊ नये. मग क जीवनसत्त्व हळूहळू घालावे, ते फसफसते. त्यानंतर ब्रोमाइड आणि सर्वांत शेवटी कॉफी. पाच मिनिटे झाकून ठेवल्यास फेस खाली बसतो. द्रावण अर्ध्या तासात वापरावे आणि एकदाच वापरावे.

टँकमध्ये ओतण्यापूर्वी फिल्मच्या कापलेल्या टोकाचा एक तुकडा उजेडातच त्यात बुडवून पाहावा. दोन-तीन मिनिटांत तो स्पष्ट काळा पडू लागला पाहिजे. तो राखाडीच राहिला तर रोल वाचला, सोडा तपासा.

रोलला आधी दोन मिनिटे साधे पाणी द्यावे. ते रंगीत निघाल्यास घाबरू नये. मग २० अंश सेल्सिअसला १५ मिनिटे ही सुरुवातीची वेळ धरावी. पहिले अर्धे मिनिट सतत, नंतर दर मिनिटाला तीन वेळा टँक सावकाश उलटा-सुलटा करावा आणि फुगे सुटावेत म्हणून ओट्यावर हलकेच आपटावा. मी स्वतः इन्फ्रारेड ४०० साठी १३ मिनिटांवर स्थिरावलो आहे, कारण मला ढगांतला तपशील हवा असतो.

उन्हाळ्यात नळाचे पाणीच ३० अंशांचे असते, तेव्हा काय करावे?

वेळ कमी करून भागवण्याचा मोह होतो, पण एवढ्या उष्णतेत वेळ पाच-सहा मिनिटांवर येतो, फॉग वाढतो आणि अर्ध्या मिनिटाची चूकही महागात पडते. त्यापेक्षा द्रावणाचे पाणी फ्रिजमध्ये ठेवावे आणि टँक बर्फाचे खडे टाकलेल्या बादलीत उभा करावा. नागपूर किंवा सोलापूरच्या कोरड्या हवेत माठातले पाणी बरेच खाली येते. कोकणात आणि मुंबईत दमटपणामुळे माठ तेवढे काम करत नाही. २० ऐवजी २२ अंश मिळाले तर वेळेत पाचवा हिस्सा घट करून चालते. २४ च्या वर मात्र जाऊ नये.

चित्रे फार कडक येतात, पाने नुसती पांढरीफटक. काय करावे?

फिल्मचा मूळ स्वभाव वर सांगितला आहेच. अशा वेळी सी-एल ही सौम्य कृती उपयोगी पडते : एका लिटरला निर्जल सोडा १६ ग्रॅम, क जीवनसत्त्व १० ग्रॅम, ब्रोमाइड १ ग्रॅम, कॉफी ४० ग्रॅम आणि २० अंशांना ७० मिनिटे. सुरुवातीला हलवून घेऊन टँक जवळजवळ स्थिर ठेवायचा. उजळ भागांजवळचा डेव्हलपर तेथेच संपून थांबतो आणि सावल्यांमध्ये मात्र काम सुरू राहते. रेट्रो ८० एस साठी मी हीच कृती पसंत करतो. ब्रोमाइड येथे वगळू नये आणि ७० मिनिटे तापमान सांभाळता येत नसेल तर या वाटेला जाऊ नये.

निगेटिव्ह फिकट आले. चूक एक्सपोजरची की कॉफीची?

फिल्मच्या कडेला कारखान्यात छापलेले आकडे आणि अक्षरे असतील तर ती पाहावीत. ती कॅमेऱ्यात नव्हे, कारखान्यातच प्रकाशित झालेली असतात. अक्षरे ठसठशीत काळी आणि चित्र मात्र फिकट असेल, तर डेव्हलपरने आपले काम केले आहे. प्रकाश कमी दिला गेला. अक्षरेही फिकट असतील, तर सोडा, कॉफी किंवा तापमान यांपैकी काही चुकले. अक्षरांमधली मोकळी जागाही काळपट असेल, तर तो फॉग : जुनी फिल्म, ब्रोमाइडचा अभाव किंवा कोठून तरी शिरलेला प्रकाश.

संपूर्ण फिल्मवर तपकिरी झाक दिसली तर तो दोष नाही. कॉफीचा तो नेहमीचा डाग आहे आणि स्कॅन करताना तो अडत नाही. एन्लार्जरवर व्हेरिएबल कॉन्ट्रास्ट कागद वापरणाऱ्यांनी मात्र वेळ आणि ग्रेड नव्याने ठरवावी, कारण हा रंग निळा प्रकाश अडवतो.

स्टॉप बाथ आणि फिक्सरही घरगुती वापरता येतील का?

स्टॉप बाथ, म्हणजे डेव्हलपरचे काम थांबवणारे आम्लधर्मी द्रावण, लागतच नाही. आम्ल घातले तर इमल्शनमधला सोडा फसफसतो. त्याऐवजी पाणी स्वच्छ निघेपर्यंत चार-पाच वेळा खळबळून घ्यावे. फिक्सर, म्हणजे उरलेले सिल्व्हर हॅलाइड काढून प्रतिमा कायम करणारे द्रावण, याच्या बाबतीत मात्र घरगुतीपणाचा हट्ट सोडावा. मिठाच्या संपृक्त द्रावणाने फिल्म फिक्स होते खरी, पण त्याला तास नव्हे, दिवस लागतो. हायपो (सोडियम थायोसल्फेट, नेहमीचा फिक्सर) स्वस्त आहे, तोच वापरावा. फिल्मचा दुधाळपणा जाण्यास जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ ती त्यात ठेवावी आणि नंतर वाहत्या पाण्यात धुवावी.

उरलेले द्रावण आणि भांडी यांचे काय करावे?

वापरलेला कॉफीचा डेव्हलपर भरपूर पाण्यासोबत मोरीत ओतता येतो. वापरलेला हायपो ओतू नये. त्यात चांदी विरघळलेली असते. तो झाकणाच्या कॅनमध्ये साठवून चांदी काढणाऱ्याकडे किंवा रासायनिक कचरा घेणाऱ्याकडे द्यावा. मापाचे पेले, ढवळण्या आणि गाळणी कायमची वेगळी ठेवावीत, स्वयंपाकघरात परत नेऊ नयेत, आणि बाटलीवर ठळक अक्षरांत लिहावे, कारण हे द्रावण दिसते कॉफीसारखेच. वास मात्र कॉफीचा येत नाही. ओल्या गोणपाटात काहीतरी कुजावे तसा येतो. खिडकी उघडी ठेवावी आणि घरी पाहुणे येणार असतील त्या दिवशी रोल धुऊ नये.